समुद्राकडचं वळण

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकही पांढरी रेषा ओलांडली नाही, असं मी म्हटलं तर तुम्हाला ते त्यांच्या सज्जनपणाचं वर्णन वाटेल. सर सज्जन होतेच, पण मी हे शब्दशः सांगतोय. रस्त्यावरची, अंगणातली, कुठलीही पांढरी रेषा समोर आली की सरांचा पाय हवेतच अडायचा. माझ्या बहिणीच्या लग्नाला ते तलासरीला आले, तेव्हा एसटीने त्यांना हायवेच्या कडेला उतरवलं. घ्यायला आलेले माझे वडील सर्व्हिस रोडवर उभे होते. मधे रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, अखंड. सरांनी ती पाहिली, वडिलांना लांबूनच नमस्कार केला आणि वळून चालू लागले. अर्धा किलोमीटरवर पेट्रोलपंपाशी पट्टी तुटलेली होती, तिथून ते आत आले. वडील धावत घरी आले होते आणि मला विचारत होते, "तुझे सर नमस्कार करून परत गेले. आपलं काही चुकलं का रे?" तेवढ्यात सर दारात. दारात आईने सकाळपासून खपून काढलेली रांगोळी. दुसरी वाटच नसेल तर हवेतून जायचं, एवढी एकच सवलत सरांनी स्वतःला दिली होती. ते दोन पावलं मागे सरकले, चपला काढून हातात घेतल्या, आणि साठीला टेकलेल्या त्या माणसाने रांगोळीवरून जी लांब उडी मारली ती थेट वऱ्हाडातल्या बायकांच्या मधोमध. "हा कोण उडून आला?" असं एका म्हातारीने विचारलं. आई म्हणाली, "आमच्या पोराला शिकवलं ते सर हेच." म्हातारीचा त्यावर विश्वास बसला नसावा.

सर आमच्या शाळेत खेळ शिकवायचे. शाळा डहाणूची, मैदान चिखल्याच्या रस्त्याला, सुरूच्या झाडांच्या पलीकडे, समुद्राला अगदी लागून. मी तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यातला. घरी भात आणि नागली पिकायची. माझ्या आधी आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, २०१४ साली त्याच शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून लागलो, याचं श्रेय मी ज्या थोड्या माणसांना देतो त्यांत सर पहिले. कॉलेजच्या प्रवेशाला ते माझ्याबरोबर आले होते. खिडकीपुढे रांग होती. माझा नंबर जवळ आला तसे सर मागून हळूच म्हणाले, "जागेवर." मी फॉर्म सरळ केला. "तयार." मी पेन काढलं. आणि खिडकी उघडताच त्यांनी खिशातली शिट्टी इतक्या जोरात वाजवली की आतल्या कारकुनाचा चहा सांडला. प्रवेश मात्र मिळाला. आम्ही लवकरात लवकर तिथून जावं, एवढंच कारकुनाला हवं होतं.

मी त्यांचा लाडका विद्यार्थी होतो, पण धावपटू म्हणून नव्हे. शाळेच्या इतिहासात माझ्याइतकं हळू कुणी धावलं नसेल. पण माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून सरांनी मला शर्यतींचे निकाल लिहायला बसवलं आणि "लेखनिक" असं नाव ठेवलं. पुढे मी खरोखरच लिपिक झालो तेव्हा त्यांना मोठा आनंद झाला. जणू ते नाव ठेवून त्यांनीच माझी नेमणूक केली होती.

सरांचं खरं प्रेम फक्कीवर. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायचा चुना. बाजारातला चुना त्यांना चालायचा नाही. त्यात खडे असतात आणि खड्याने रेषा दुखावते, असं ते म्हणत. घरी आणून ते तो तीन वेळा चाळायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला पाहिल्या पाहिल्या सांगायच्या, "ये बाबा, बस. चहा देते, भाकरी मागू नकोस. या घरात चुन्याला तीन चाळण्या आहेत आणि पिठाला एक नाही." सर आतून म्हणायचे, "पीठ काय, पोटात जाऊन वाकडंच होतं." मशीन त्यांनी कधी वापरलं नाही. डब्याला खिळ्याने भोकं पाडायची, डबा गुडघ्याच्या उंचीवर धरायचा आणि उलट चालत जायचं. उलट, म्हणजे आपण काढलेली रेषा आपल्याला दिसत राहते आणि तिच्यावर पाय पडत नाही. तीस वर्षं असं चालून चालून त्यांना उलट चालणंच सोपं जाऊ लागलं होतं. बाजारात एखादा ओळखीचा भेटला की गप्पा संपल्यावर ते पाठ न फिरवता तसेच मागे मागे निघून जायचे. नव्या माणसाला वाटायचं, केवढा आदर!

घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. त्यांना तिथी पुरायची. आमच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा हिशेब असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. सर हा हिशेब उलटा करायचे. "सर, किती वाजले?" असं विचारलं की ते समुद्राकडे बघायचे. "आज षष्ठी. पाणी काळ्या दगडापर्यंत आलंय. म्हणजे पावणेचार." आणि ते पावणेचारच असायचे, मी कितीदा तरी पडताळून पाहिलंय. अडचण फक्त भिंतींच्या आत यायची. शाळेच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी वेळ विचारली तर सर "आलोच" म्हणून बाहेर जायचे आणि वीस मिनिटांनी वेळ घेऊन परत यायचे.

तालुक्याच्या शर्यतीही म्हणूनच तिथीने व्हायच्या. आमच्या मैदानात धावपट्टी एकच, दोनशे मीटरची. दोन बाजूंना सरळ पट्ट्या, एक वळण रस्त्याकडे आणि एक समुद्राकडे. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी सुरूच्या मुळांतून झिरपायचं आणि समुद्राकडचं वळण भिजून लोण्यासारखं व्हायचं. अष्टमीला भरतीच मवाळ, आणि भर दुपारी पूर्ण ओहोटी. वळण खडखडीत. त्यामुळे शर्यती नेहमी अष्टमीला. वार कुठला का असेना. वाणगावपासून तलासरीपर्यंतच्या शाळांना पत्रं जायची त्यांत तारखेच्या आधी तिथी असायची. एका नव्या शिक्षकाने भाबडेपणाने विचारलं होतं, "सर, हे काही व्रत आहे का?" सर म्हणाले, "आहे. उपास नाही, पण पळावं लागतं."

त्या समुद्राकडच्या वळणाबद्दल मला थोडं सावकाश सांगायचंय, कारण पुढचं सगळं त्यानेच झालं.

सरळ पट्टीवरून धावताना समुद्र दिसत नाही, झाडं आड येतात. वळणावर आलं की एकदम झाडं संपतात आणि तो दिसतो. सगळाच्या सगळा. आमच्या डोंगराकडच्या पाड्यांतून जी मुलं-मुली शर्यतीला यायची, त्यांतल्या कित्येकांनी तोपर्यंत समुद्र पाहिलेला नसायचा. पंचवीस किलोमीटरवर राहूनसुद्धा. ती मुलं धावता धावता वळणावर थांबायची. पुढे असलेलं पोर थांबलं की मागची त्याच्यावर आदळायची आणि मग तीही उभी राहायची. मी सातवीत, अजून आमच्या पाड्याच्या शाळेत असताना, पहिल्यांदा धावलो तेव्हा मीही असाच थांबलो. बाकीचे कधीच पुढे निघून गेले होते, लोक हसत होते. सर मैदान कापून, म्हणजे रेषांच्या मधून मधून उड्या मारत, माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता कान धरणार. ते माझ्या बाजूला उभे राहिले आणि माझ्याबरोबर समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघून झालं?"

मी मान हलवली.

"मग आता पळ."

मी शेवटचा आलो. पण त्या दिवसापासून सरांनी पहाडाकडच्या शाळांसाठी एक नियम केला, जो कुठल्याच पुस्तकात नाही. आदल्या दिवशी मुलांना वळणावर आणून समुद्र दाखवायचा, पोटभर. मग दुसऱ्या दिवशी शर्यत.

२०१६च्या सुमारास गावात बोलणं सुरू झालं की मैदानाचं आता स्टेडियम होणार, आणि त्याच्या बाजूला समुद्राला लागून प्लाझा. प्लाझा म्हणजे लोकांना फिरायला फरसबंदी, बसायला कट्टे, कार्यक्रमांना मंच, रंगीत दिवे. त्याच वर्षी बायकांमध्ये प्लाझो नावाच्या रुंद विजारींची फॅशन आली होती आणि काकूंच्या लेकीने वापीहून आईसाठी एक पाठवली होती. सरांनी काकूंची ती विजार दोरीवर वाळत घातलेली रोज पाहिली होती. त्यामुळे सभेत कुणीतरी "प्लाझासाठी मैदानाची थोडी जागा लागेल" असं म्हणताच सर उठून म्हणाले, "शिवायला जागा कशाला लागते?" सभा पाच मिनिटं हसत होती. सर आधी गोंधळले, मग तेही हसले. पण नकाशा भिंतीवर लावला गेला आणि सरांचं हसू गेलं. नकाशात मंच होता, कारंजं होतं, प्रेक्षकांसाठी सहा पायऱ्या होत्या. समुद्राकडचं वळण नव्हतं. त्याच्यावर फरशा होत्या.

"एक वळण नसेल तर पोरं पळून जाणार कुठे?" सरांनी विचारलं.

"सर, दोन सरळ पट्ट्या राहतायत की," सभा घेणारे गृहस्थ म्हणाले. "पन्नास मीटर पळवा."

"आणि मग?"

"मग काय? थांबवा."

सर खाली बसले. निवृत्त होऊन त्यांना दोन-तीन वर्षं झाली होती. मैदानावर त्यांचा हक्क काहीच नव्हता, रोज सकाळी जाऊन खडे वेचायचे एवढाच. पण त्या दिवसापासून त्यांनी एकच गोष्ट धरली. प्लाझा करा, स्टेडियम करा, फक्त तो आठ-दहा मीटर समुद्राकडे सरकवा आणि वळण सोडा. दुसरं काही मागितलं नाही.

इथे मी आलो. मी पदवीधर. माझा अर्जावर विश्वास. आमच्या घरात तीन पिढ्या तोंडी बोलून फसल्या होत्या, त्यामुळे कागद, सही आणि शिक्का या तीन गोष्टींवर माझी फार श्रद्धा. मी सरांना म्हणालो, "सर, भांडू नका. मी अर्ज लिहितो." दीड वर्षात मी अकरा अर्ज लिहिले. प्रत्येक अर्ज सर मोठ्याने वाचायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "अक्षर सुंदर आहे." मी वाचून दाखवत असताना ते त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

आणि २०१७च्या हिवाळ्यात, विश्वास ठेवा, आम्ही जिंकलो. कामावर देखरेख करणारे साहेब एका मंगळवारी स्वतः मैदानावर आले. तरुण होते, ऐकून घेणारे होते. सरांनी त्यांना हाताला धरून वळणावर नेलं, एक फेरी चालवलं, झाडं संपतात तिथे उभं केलं. साहेब बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे सर. एवढं वळण सोडून काम घेऊ. तुम्ही जागेवर नीट मार्किंग करून ठेवा. सोमवारी खणायचं मशीन येईल."

साहेबांची गाडी रस्त्यावर दिसेनाशी होईपर्यंत सर उभे होते. मग त्यांनी मला विचारलं, "लेखनिक, मार्किंग कशाने करायचं? झेंड्या लावू?"

मी म्हणालो, "झेंड्या गुरं खातील सर. फक्की मारू या. तुमची फक्की लांबूनसुद्धा दिसते."

हे मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कितीदा मनात मागे घेतलंय.

रविवारी एकादशी होती. सरांनी नुसत्या दाण्याच्या लाडवावर दिवस काढला. मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि दोरी ताणून उलट पावलांनी अर्धवर्तुळ काढलं. आधी आतली रेषा, जिथे पहिली लेन सुरू होते. मग बाहेरची, जिथे सहावी लेन संपते. नेहमी एकदा फक्की टाकायचे, त्या दिवशी तीनदा टाकली. काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलीच्या लग्नात एवढा खपला नव्हतात." सर म्हणाले, "तिचं लग्न मोडायला कुणी मशीन आणणार नव्हतं." संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तेव्हा त्या दोन रेषा अशा उठून दिसत होत्या की माझ्या अंगावर काटा आला. सरांच्या हातून निघालेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं. ते त्यांनाही कळलं असावं, कारण ते मुद्दाम लांब जाऊन, मान कलती करून बघून आले.

आणि मला कागद आठवला. "सर, साहेबांनी तोंडी सांगितलंय. उद्या सकाळी जाऊन लेखी घेऊ या." सरांना मैदान सोडून जायचं नव्हतं. "मशीन येणार आहे, मी थांबतो," ते म्हणत होते. मीच हट्ट केला. म्हणालो, फक्की आहे ना, ती बोलेल. पत्र महत्त्वाचं.

सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी खरोखरच पत्र दिलं. "मैदानाचे समुद्राकडील वळण कायम ठेवण्यात येत आहे." खाली सही, शिक्का. मी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. परतताना एसटीत सर खिडकीपाशी बसून गुणगुणत होते. मी त्यांना पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. दुपारी मैदानावर पोचलो.

आता, ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे ठाऊक असेल, मला ठाऊक नव्हतं. आमच्या पाड्यावर कुडाची घरं, तिथे पाया आखत नाहीत. आणि सरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण त्यांच्या लेखी पांढऱ्या रेषेचा जगात एकच अर्थ होता: हिच्यावर पाय ठेवू नका. पण बांधकामावर चुन्याची रेघ मारतात ती पाया खणण्यासाठी. चुना दिसला की तिथे खणायचं. मशीन चालवणाऱ्या माणसाला कुणी "मार्किंग केलंय" एवढंच सांगून पाठवलं होतं. तो आला, त्याने मार्किंग पाहिलं आणि काम केलं.

दोन्ही रेषांवर. आतली आणि बाहेरची. कंबरभर खोल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गोल. रेषा कुठेही सुटली नव्हती.

मशीनवाला वलसाडकडचा होता, पंचविशीचा. आम्हाला बघून हसत खाली उतरला. "लाइन तमे मारी, काका?" त्याने सरांना विचारलं. "एकदम मस्त छे! मैं दस साल से मशीन चलाता है, ऐसा लाइन नहीं देखा. देखो, एक इंच इधर-उधर नहीं गया."

सर खणलेल्या चराच्या काठाने चालत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. माझ्या हातात फोल्डर होतं. मला वाटलं, ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते त्या मुलापाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार छान हात आहे तुझा. जेवलास का?"

साहेबांना फोन केला. त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण खणलं ते खणलं, भराव घालून पुन्हा धावपट्टी करायची तर नवी मंजुरी, नवं वर्ष. ठेकेदाराने सुचवलं, आतल्या चरावर बसायचा कट्टा घेऊ, बाहेरच्यावर समुद्राकडची भिंत. गोल छान दिसेल. आणि पत्राप्रमाणे वळण कायम राहील की! हे तो चेष्टेने म्हणाला नाही, म्हणून जास्त लागलं.

गुरुवारी पुनव आली. सव्वाअकराला उधाणाचं पाणी मुळांतून झिरपलं आणि दोन्ही चरांत भरलं. काँक्रीट पडेपर्यंत सहा-सात दिवस समुद्राकडचं वळण पाण्याने आखलेलं होतं. सर रोज सकाळी तिथे उभे राहायचे. मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, फक्कीचं मीच सुचवलं होतं." ते पाण्याकडेच बघत म्हणाले, "अर्ज तू चांगला लिहिला होतास." तेवढंच. त्या दिवसानंतर त्यांनी फक्कीचा डबा हातात घेतला नाही. काही महिन्यांनी काकू मला म्हणाल्या, "तिन्ही चाळण्या आता पिठाला आहेत. मला नकोत रे त्या."

पुढच्या वर्षी उद्घाटन झालं. मुहूर्त बघून पौर्णिमा धरली होती, सकाळी अकरा वाजता. प्रत्येकाच्या घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, प्रत्येकाने पौर्णिमा वाचली होती, पाऊणपट कुणीच केली नव्हती. मंडपवाला तेवढा सरांचा जुना विद्यार्थी. तो आदल्या दिवशी घरी विचारायला आला. "सर, वायरी कुठवर उचलू?" सर म्हणाले, "गुडघ्यापर्यंत. आणि पाहुण्यांना सांग, बूट नको." पाहुणे बूट घालूनच आले, तेही उशिरा, नेमके सव्वाअकराला. पाणी पायऱ्या चढून लाल गालिच्यावर आलं. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी पाय खुर्चीवर घेतले, हार तरंगत गेला, सूत्रसंचालक "समुद्रदेवतासुद्धा आशीर्वाद द्यायला आली आहे" असं म्हणत मंचावर उंच उंच चढत होता. मी गर्दीत सरांना शोधत होतो. आज तरी ते हसतील, एवढं तरी त्यांना मिळू दे, असं मला वाटत होतं. सर विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे होते आणि सोफे उचलू लागत होते.

आता तिथे संध्याकाळी गर्दी असते. शेवपुरी मिळते, बर्फाचा गोळा मिळतो, लोक कट्ट्यावर बसून फोटो काढतात. मला त्यांचा राग येत नाही, माझी मुलगीही तिथे हट्टाने जाते. स्टेडियमच्या सहा पायऱ्या मंचाकडे तोंड करून आहेत. मैदानात कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या लावतात, त्याही वाकड्या. तालुक्याच्या शर्यती आता दुसरीकडे होतात, रविवारी, तिथी न बघता. आणि वळण खरंच कायम आहे. कट्टा आणि भिंत यांच्या मधे, बरोबर सहा लेनच्या रुंदीचं, गुळगुळीत फरशीचं. फक्त त्याच्या एका टोकाला मंच आहे आणि दुसऱ्या टोकाला शेवपुरीची गाडी. कुठून येत नाही, कुठे जात नाही. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी एकदा कट्ट्यावरून हात फिरवत विचारलं होतं, "किती सुंदर कर्व्ह आहे! कुणी डिझाइन केला?" मी तोंड उघडणार तोच बाजूला बसलेले सर म्हणाले, "वलसाडचा एक मुलगा. फार हुशार."

कारण सर तिथे रोज येऊन बसायचे. समुद्राकडे तोंड करून, कट्ट्यावर मांडी घालून. पाय कधी खाली सोडायचे नाहीत. मला आधी वाटलं, गुडघ्यांमुळे असेल. एक दिवस मी शेजारी पाय हलवत बसलो होतो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. "पाय वर घे. खाली पहिली लेन आहे. कुणी येत असेल."

मी इकडून तिकडे पाहिलं. शेवपुरीच्या गाडीपासून मंचापर्यंत कुणीही पळत येत नव्हतं. मी पाय वर घेतले.

२०१९ साली सर आणि काकू वापीला लेकीकडे राहायला गेले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून दुसरी इमारत दिसते. मधल्या चौकात गाड्या लावायला पांढरे पट्टे आखलेत म्हणे, त्यामुळे सर फारसे खाली उतरत नाहीत. तिथे वेळ कशी कळते, हे मी विचारलं नाही. आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो, बहुतेक संध्याकाळचा, मी प्लाझावर असतो तेव्हा. परवा असाच आला.

"लेखनिक, तिथी काय आज?"

"अष्टमी, सर."

"म्हणजे वळण कोरडं असेल."

"कोरडं आहे."

काकू मागून कुणाला तरी हाका मारत होत्या. समोर एक कुटुंब गोळा खात चाललं होतं, सावकाश, थांबत थांबत. त्यांच्यातली एक लहान मुलगी बापाचा हात सोडून तिथेच उभी राहिली होती आणि तोंड उघडं ठेवून समुद्राकडे बघत होती. गोळ्याचं लाल पाणी तिच्या कोपरावरून फरशीवर गळत होतं.

"कुणी आहे का रे पळायला?" सरांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "एक आहे. सध्या थांबलीये."

"बघू दे तिला," सर म्हणाले. मग जरा घाईने, "लेन कुठली?"

मी खाली पाहिलं.

"पहिली, सर."

"मग तू पाय वर घे," ते म्हणाले, आणि मी घेतले.